पाण्याच्या वाटेने बुऱ्हाणपूर : एका दिवसाची सहल

 

बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाला, हप्ते जमा झाले, की हळूच एक विषय निघतो. "एकदा कुठंतरी जाऊन येऊ ना सगळ्या मिळून." मग शिर्डी, शेगाव, सप्तशृंगी अशी नावं निघतात. ती ठिकाणं चांगलीच आहेत, तिथं जावंच. पण आज आम्ही तुम्हाला वेगळं गाव सुचवणार आहोत. गाव जवळचं आहे, खर्च बेताचा आहे, सकाळी निघून रात्री घरी येता येतं. आणि त्या गावाचा आणि तुमच्या घरातल्या रोजच्या हंड्याचा संबंध आहे. ते गाव म्हणजे बुऱ्हाणपूर. आपल्याकडं जुनी माणसं त्याला बऱ्हाणपूरही म्हणतात.

कालव्यांचं शहर म्हटलं की लोक परदेशातल्या व्हेनिसचं नाव घेतात. तिथं रस्त्याच्या जागी पाणी आहे आणि दारात होड्या लागतात. बुऱ्हाणपूरही कालव्यांचंच शहर आहे, पण त्याचे कालवे दिसत नाहीत. ते जमिनीच्या पोटात आहेत. चारशे वर्षांपूर्वी खोदलेले आहेत, आणि त्यातलं पाणी आजही वाहतं. सहल आखायची ती या पाण्याच्या वाटेनं. पाणी डोंगराकडून निघतं, शहरात येतं आणि शेवटी तापीला मिळतं. आपणही सकाळी डोंगराच्या बाजूनं सुरुवात करू आणि संध्याकाळी तापीवर थांबू.

आधी नातं सांगतो

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. पण राज्याच्या सीमा अलीकडच्या, नातं त्याहून जुनं. हे शहर खानदेशाची राजधानी होतं, आणि त्या राज्याचं मूळ आपल्या धुळे जिल्ह्यात आहे. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे ना, तिथं. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक यानं १३७० साली मलिक राजा फारुकी या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. पुढं १३८२ मध्ये मलिक राजा स्वतंत्रपणे राज्य करू लागला. फारुकी घराण्याचं राज्य सुरू झालं ते थाळनेरहून. त्या घराण्याच्या कबरी आजही थाळनेरला आहेत.

मलिक राजाचा मुलगा नसीर खान. त्यानं असीरगडचा किल्ला घेतला आणि तापीकाठी नवं शहर वसवलं. खुलदाबादचे सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्या शहराला दिलं. पलीकडच्या काठावरच्या वस्तीला दुसऱ्या संताचं नाव मिळालं, जैनुद्दीन यांचं, म्हणून ती जैनाबाद. फारुकींनी दोनशे वर्षांहून जास्त राज्य केलं. मग १६०१ मध्ये अकबर बादशहानं असीरगड जिंकला आणि खानदेश मुघलांकडं गेला. दक्षिणेत उतरायचं दार म्हणून बुऱ्हाणपूरला मुघलांनी मोठं ठाणं केलं. शहजादे, सुभेदार, फौजा, व्यापारी, कारागीर, सगळे तिथं येऊन राहिले. एवढ्या माणसांना, हत्ती-घोड्यांना पाणी कुठून द्यायचं, हा प्रश्न तिथंच उभा राहिला.

कधी आणि कसं जायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. कापूस वेचणीचे, हरभरा-गव्हाच्या पाण्याचे दिवस पाहून गटानं तारीख धरावी. एप्रिल-मे मध्ये जाऊ नये. तिथलं ऊन आपल्यासारखंच भाजून काढतं.

जळगावकडच्या बायांनी भुसावळला यावं. भुसावळहून खंडव्याकडं जाणारी गाडी सावदा, निंभोरा, रावेर करत बुऱ्हाणपूरला पोचते. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, म्हणून जायच्या आणि यायच्या दोन्ही गाड्यांची वेळ आधी नीट विचारून कागदावर लिहून घ्यावी. धुळ्याकडच्या बायांना लांब पडतं. त्यांनी आदल्या दिवशी जळगाव किंवा भुसावळला एखाद्या ओळखीच्या गटाकडं मुक्काम करावा. गटागटांची ओळख होते, सहलीचा अर्धा आनंद तोच. एसटीनं जाणार असाल तर बायांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते हे ध्यानात ठेवा. गाडी भाड्यानं केली तर वाटेत मुक्ताईनगरला मुक्ताईचं दर्शन होतं. मात्र मग निघायचं अजून लवकर.

सोबत काय घ्यायचं? आधार कार्ड, सुटे पैसे, पाण्याची बाटली, टोपी किंवा जाड रुमाल, नेहमीची औषधं. पायात घसरणार नाही अशी चप्पल किंवा बूट. शिदोरीला कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी. दर पाच जणींमागं एक गटप्रमुख ठरवा, मोजणी तिनं करायची. गावात भाषेची अडचण नाही. हिंदी चालतेच, मराठी बोलणारीही पुष्कळ माणसं भेटतील.

सकाळ : कुंडी भंडारा

बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन लालबागला आहे, जुन्या शहराच्या उत्तरेला. आधी शहरात जायचं नाही. लालबागच्या बाजूलाच कुंडी भंडारा आहे, रिक्षा करून आधी तिथं जायचं. याला खुनी भंडाराही म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. त्या नावाच्या गोष्टी लोक चार तऱ्हेनं सांगतात. 'कुंडी' हे नाव मात्र सरळ आहे. जमिनीत उभ्या खोदलेल्या विहिरींसारख्या या कुंड्या आहेत, एका रांगेत, एकीपासून दुसरी थोड्या अंतरावर. अशा शंभरावर कुंड्या आहेत. वरून पाहिलं तर रानात विहिरींचे कठडे दिसतात, बस. खरी गंमत खाली आहे.

ही करामत समजून घ्यायला आपल्या शेताकडं बघू. सातपुड्यावर पाऊस पडतो. डोंगराच्या पायथ्याशी गोटे, वाळू, मुरुम यांचा जाड थर आहे. जाणकार या पट्ट्याला बझाडा म्हणतात. चोपडा, यावल, रावेरपासून बुऱ्हाणपूरपर्यंत हा पट्टा पसरला आहे. या थरात पाणी भरभर मुरतं आणि जमिनीच्या आतून हळूहळू तापीकडं सरकत राहतं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे ओळखलं. त्यांनी पायथ्याशी जमिनीत बोगदा खोदला. बोगद्याला अगदी बारीक उतार दिला. मुरलेलं पाणी बोगद्याच्या भिंतीतून झिरपतं, तळाशी जमतं आणि उतारानं आपोआप शहराकडं चालू लागतं. मोट नाही, बैल नाही, पंप नाही, वीज नाही.

मग कुंड्या कशाला? बोगदा खणताना माती वर काढायला आणि खाली हवा-उजेड पोचायला. नंतर गाळ काढायला माणूस उतरवायलाही त्याच कामाला आल्या. पाणी जमिनीखाली असल्यानं उन्हानं उडत नाही, त्यात कचरा पडत नाही, ढोरं उतरत नाहीत.

काम झालं ते १६१५ मध्ये, जहांगीर बादशहाच्या काळात. सुभेदार होता अब्दुल रहीम खानखाना. होय, दोहे लिहिणारे रहीम ते हेच. ही विद्या मूळ इराणची. तिथं अशा भूमिगत कालव्याला कनात म्हणतात. कोरड्या मुलखात हजारो वर्षांपासून गावं त्यावर जगली. बुऱ्हाणपूरची आखणी करणारा जाणकारही इराणचाच होता असं सांगतात. इराणच्या कनातींना २०१६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बुऱ्हाणपूरचा हा भंडारा २०२४ पासून भारताच्या संभाव्य यादीत आहे.

आणखी एक गोष्ट ऐका. त्याच दशकात आपल्या मराठवाड्यात, खडकी म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरनं अशीच जमिनीखालची नहर खोदवली. नहर-ए-अंबरी ती. मलिक अंबर आणि रहीम खानखाना रणांगणावर एकमेकांचे वैरी होते. त्यांच्या फौजा एकमेकांशी लढत होत्या, आणि दोघंही आपापल्या शहरासाठी एकाच पद्धतीनं पाणी आणत होते. तहान काही बाजू पाहत नाही.

कुंडी भंडाऱ्यात खाली उतरायला एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. साधारण ऐंशी फूट खाली जाता येतं. लिफ्ट चालू आहे का हे आधी विचारून ठेवा, आणि एका वेळी थोड्याच जणी जातात म्हणून घाई करू नका. दम्याचा, गुडघ्याचा, बंद जागेच्या भीतीचा त्रास असलेल्या मावशींनी वरच थांबावं. कुंडीत डोकावलं तरी खाली पाणी दिसतं. उतरणाऱ्यांनी साडी वर खोचून घ्यावी. खाली गारवा असतो. भिंतीवर क्षार साचून पांढरट थर चढलेला दिसतो, आपल्या बोअरच्या पाण्यानं हंड्यात चढतो तसाच.

तिथं उभ्या राहाल तेव्हा एक विचार करा. रहीमचं नाव राहिलं, बादशहाचं नाव राहिलं. पण दिव्याच्या उजेडात, गुडघाभर चिखलात, कुदळीनं हा बोगदा खणला कोणी? टोपल्या कोणी ओढल्या? त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. रोजगार हमीवर शेततळं, नालाबांध खोदलेल्या बायांना हे काम काय असतं ते सांगायला नको.

दुपार : शहरात

कुंड्यांच्या मागोमाग आपण आता शहरात येतो. असे एकूण आठ भंडारे बांधले होते. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी नावं होती त्यांची. किती छान नाव आहे बघा, चिंताहरण. घरात पाणी भरलेलं असलं की बाईची निम्मी चिंता जाते, हे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक असावं. कुंडी भंडाऱ्याचं पाणी शहराजवळच्या जाळी करंज नावाच्या टाक्यात यायचं आणि तिथून मातीच्या आणि दगडी नळांनी वस्तीत जायचं.

१६१५ सालीच नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो बुऱ्हाणपूरला आला होता. शहजादा परवेझला तो भेटला. शहजाद्याचा वाडा, खानखानाचं घर आणि आणखी थोडी घरं सोडली, तर बाकी सगळी मातीची खोपटी आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. म्हणजे शहर मोठं होतं, पण राहणारी माणसं आपल्यासारखीच, मातीच्या घरातली होती. त्यात विणकर पुष्कळ होते. खानदेशचा कापूस, इथलं सूत, इथलं कापड. फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निए पुढं दोनदा इथं आला. बुऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पार रशियापर्यंत जातं, असं त्यानं लिहिलं. कापड रंगवायचं, धुवायचं तर पाणी लागतं. सूत काततात ते हात बहुतेक बायांचेच असतात. बुऱ्हाणपूर आजही यंत्रमागांचं गाव आहे. गल्लीतून जाताना मागांचा खडखडाट ऐकू येईल.

दुपारी जामा मशीद बघायची. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, म्हणून शुक्रवार टाळावा. डोक्यावर पदर घ्यावा, चपला बाहेर काढाव्यात. फारुकी राजा आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान, यानं ही मशीद १५९०च्या सुमाराला पुरी केली. इथं एक गोष्ट आवर्जून विचारून बघा. मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि तिथी आपल्या पंचांगाप्रमाणं दिली आहे. आपल्याच प्रजेची भाषा आपल्या मशिदीत असावी, हे त्या राजाला वावगं वाटलं नाही.

जेवायला एखाद्या बागेत सावली बघून बसा. शिदोरी उघडा. वरून बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी घ्या. काळसर, जाड, खव्याची. एकीला एक पुरते. घरच्यांसाठी दराबा घेऊन जा, तो टिकतो.

वेळ उरला तर शीख बांधवांचा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथं राहिले होते. बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी आहे, अतिशय स्वच्छ आणि शांत. पण एका दिवसात सगळं बघायचं म्हटलं की काहीच बघून होत नाही. असीरगड इथून वीस किलोमीटरवर आहे, चढाईचा आहे. तो दुसऱ्या खेपेला ठेवा.

तिसरा प्रहर : किल्ला, राणी आणि दुष्काळ

आता तापीकाठच्या शाही किल्ल्यात जायचं. फारुकींनी बांधला, मुघलांनी वाढवला. बराचसा पडला आहे. पण हमाम म्हणजे न्हाणीघर अजून उभं आहे. छतावर फुलापानांची रंगीत नक्षी आहे. पाणी खेळवायचे हौद आणि नळ्या दिसतात. गाईड तुम्हाला इथं मुमताज महलची गोष्ट सांगेल. ताजमहाल, प्रेम, बादशहाचे अश्रू. ऐका, पण ती गोष्ट आपण बायांच्या नजरेनंही बघू.

१७ जून १६३१. मुमताज महल इथं, बुऱ्हाणपुरात, बाळंतपणात गेली. ते तिचं चौदावं बाळंतपण होतं. वय अडतीस. चौदा लेकरांपैकी सातच मोठी झाली. हिंदुस्थानच्या बादशहाची राणी, दिमतीला हकीम, दासी, सुईणी. तरी ती वाचली नाही. आपल्या आज्या-पणज्यांची काय गत असेल! आज गावात आशाताई येते, नोंदणी करते, १०८ ला फोन करते, ते किती मोठं आहे हे इथं कळतं. मुमताजला आधी तापीपलीकडं जैनाबादच्या आहुखान्याच्या बागेत पुरलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल पुढं तिकडं झाला.

पण मैत्रिणींनो, त्याच वर्षी इथं आणखी काहीतरी घडत होतं, आणि ते गाईड सहसा सांगत नाही. १६३० पासून पाऊस गेला होता. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडं भयंकर दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस १६३०च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला. त्याची वाट नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला येणारी, म्हणजे आपल्याच गावाशिवारातून. वाटेवर त्यानं प्रेतं पाहिली. उकिरड्यातून दाणे वेचणारी माणसं पाहिली. बादशहा तेव्हा बुऱ्हाणपुरातच होता. त्यानं लंगर उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटायचा हुकूम दिला. वीस सोमवारी एक लाख रुपये वाटले.

आता हा हिशेब मांडून बघा. शहराच्या पोटात भंडारे होते, पंधरा वर्षांपूर्वीच बांधलेले. शहराजवळ पाणी होतं. पण शहराला जेवू घालणारी गावं कोरडी होती. पाण्याची वाट डोंगराकडून थेट शहराकडं गेली होती, वावराकडं नाही. विहिरीत पाणी आणि कणगी रिकामी, अशी गत. कालवा कितीही हुशारीनं बांधला तरी त्यातलं पाणी कोणाच्या दारात जाणार हे ठरवणारा कोण, यावर सगळं अवलंबून असतं. कुंडी भंडाऱ्यात पाणी बघून आपण थक्क होतो, व्हावंच. पण किल्ल्यात बसून हा दुसरा अर्धा भागही एकमेकींना सांगायला हवा.

धुळ्याची फड पद्धत

इथं धुळ्याच्या बायांनी मान वर करून बोलावं. कारण याच प्रश्नाचं दुसरं उत्तर त्यांच्या जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठानं तीन-चारशे वर्षं जुनी फड पद्धत आहे. शेजारच्या बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवरही आहे.

नदीवर दगडी बंधारा. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. खालची जमीन काही फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पिकं दरसाल फडाफडातून फिरवायची. शेतकरी आपल्या हातानं बारं फोडत नाही. पाणी सोडतो तो पाटकरी, गावानं नेमलेला. त्याची मजुरी सगळे मिळून देतात. भांडण झालं तर पंच बसतात. पाट झाडायचा, गाळ काढायचा तर घरटी माणूस जातो.

आणि पाऊस कमी झाला तर? मग सगळे फड भिजवत नाहीत. जेवढं पाणी तेवढ्याच फडाला. पण बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असते. त्यामुळं एक फड भिजला तरी बऱ्याच घरांना चार दाणे मिळतात. टंचाई आली तर ती वाटून घ्यायची, असा हा हिशेब. इथं बादशहा नव्हता, इराणचा जाणकार नव्हता. गावच्या माणसांनीच हे नियम केले आणि पाळले. पुढं वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर पंप बसले, प्रत्येकाचं पाणी वेगळं झालं, आणि कितीतरी ठिकाणी फड मोडले.

म्हणून आमचं सांगणं असं, की बुऱ्हाणपूरची सहल झाली की पुढची सहल साक्रीकडं काढा. जळगावच्या गटांनी धुळ्याच्या गटांकडं मुक्कामाला जावं. आधी त्यांनी यावं, मग यांनी जावं. परतफेड होते.

संध्याकाळ : तापीवर

दिवस कलला की राजघाटावर येऊन बसायचं. समोर तापी, पलीकडं जैनाबाद. सकाळी डोंगराकडून निघालेलं पाणी इथं पोचतं. पाय पाण्यात सोडा, चहा घ्या, आणि गाडीची वेळ होईपर्यंत एक काम करा. गोल करून बसा आणि आपापल्या गावाच्या पाण्याबद्दल बोला.

रावेर-यावलच्या बाया सांगतील, विहिरी आटल्या, मग बोअर केले, बोअरही खोल खोल गेले. केळी पाण्याशिवाय उभी राहत नाही, आणि केळीवाचून घर चालत नाही. ज्या बझाडा पट्ट्यातून रहीमच्या माणसांनी झिरपणारं पाणी अलगद उचललं, तोच पट्टा आपण पंपांनी उपसतो आहोत. भंडारा जेवढं झिरपेल तेवढंच घेत होता. जमिनीत मुरवायचं काम आपण थांबवलं आणि ओढायचं वाढवलं. २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. पुराचं पाणी याच पट्ट्यात मुरवायची ती योजना आहे. ती होईल तेव्हा होईल. पण पाणी कोणाला, किती आणि कमी पावसाच्या वर्षी काय, हे प्रश्न ग्रामसभेत विचारायचं काम आपलं आहे.

चार प्रश्न आम्ही सुचवतो. कोणीतरी वहीत लिहून घ्या आणि घरी गेल्यावर गावात विचारा.

पहिला, आपल्या गावाचं पाणी कुठं पडतं आणि कुठं मुरतं? दुसरा, ते आपल्यापर्यंत येतं त्या वाटेची, नाल्याची, बंधाऱ्याची, विहिरीची साफसफाई कोण करतं, आणि शेवटची कधी केली? तिसरा, पाणी कमी झालं तर आधी कोणाचं तोडतात? आणि चौथा, हे ठरवताना तिथं बाई बसलेली असते का?

पहिले दोन प्रश्न आपल्याला कुंडी भंडारा शिकवतो. तिसरा शिकवतो तो दुष्काळ. चौथा मात्र आपला आपल्यालाच विचारावा लागेल. ना बादशहाच्या दरबारात बाई बसत होती, ना फडाच्या पंचांत. पाणी भरायला ती, डोक्यावर वाहायला ती, धुणं-भांडी, ढोरं, लेकरं, सगळ्याला पाणी पुरवायला ती. पण वाट ठरवायला ती नव्हती. आता ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, गावाच्या पाणी समितीतही बायांना जागा आहे. ती जागा नावापुरती राहू नये.

गाडी चुकवू नका. मोजणी करा, पिशव्या बघा, दराबा फुटणार नाही असा ठेवा. रावेर, निंभोरा, सावदा करत गाडी भुसावळला येईल. खिडकीतून दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसतील. त्यांच्या मुळाशी जे पाणी आहे, त्याच पाण्याची वाट आपण आज दिवसभर चालून आलो.

सहल करून आलात की आम्हाला जरूर कळवा. किती जणी गेल्या, लिफ्टमध्ये कोण घाबरलं, वहीत काय लिहिलं, ग्रामसभेत काय विचारलं, सगळं. पुढच्या भागात तुमचेच अनुभव वाचू. तोवर रामराम, आणि पाणी जपून वापरा.